दीडपानी

हातात आलेले कुठलेही पान मधोमध दुमडून त्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का, हे पाहायची मला एक खोड आहे. विड्याचे पान असो की पिंपळाचे. घरातली मंडळी हसतात. परवा सुनेने बाल्कनीसाठी एक कुंडी आणली. उन्हात अजिबात ठेवायची नाही, अशी रोपवाल्याची तंबी होती. मी सवयीने पान दुमडले, तर एक अर्ध दुसऱ्याच्या बाहेर चांगले अर्धे बोट उरले. मी तशीच खाली बसले. सुनेला वाटले, चक्कर आली. चक्कर कसली, दौलतराव आठवले होते.

दौलतराव भांडेकर जंगलखात्यात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा राखणदार. जिल्ह्याचे नाव तेव्हा चांदा होते आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील. चामोर्शीला मोटार सोडायची आणि पुढे दिवसभर बैलगाडीने जायचे, की कोसमटोला नावाचे जंगलगाव लागे. वीस-पंचवीस घरे, बहुतेक गोंडांची. तिथल्या एकखोली शाळेत मला पहिली नोकरी लागली. मी नागपूरची. बावीस वर्षांची. चिखलाची किळस, पालीची भीती आणि स्वतःच्या इंग्रजीचा गर्व, एवढे सामान घेऊन मी आषाढात तिथे उतरले.

नाकेदाराची कौलारू खोली शाळेला लागून होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक उंच, काटकुळा, पन्नाशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. खाकी सदरा, कमरेला कुऱ्हाड. मला वाटले, काही हवे-नको विचारायला आला असेल. त्याने विचारले ते असे :

"बाई, तुमाले चित्र काढता येते का?"

"येतं. का हो?"

"आन इंग्रजी?"

"तेही येतं."

"मंग जमलं जी," एवढे म्हणून ते निघून गेले. राहायची सोय कशी आहे, दूध कुठे मिळते, विंचू निघतात का, काही नाही. मला राग आला. पुढे कळले की तो माणूस तीन वर्षे या दोन गोष्टी येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहत होता. आधीच्या गुरुजींना इंग्रजी येत होते, पण चित्र म्हणून त्यांनी जे काढले होते ते पाहून दौलतराव म्हणाले होते, "गुर्जी, हा बेंडूक हाये."

भानगड अशी होती. काही वर्षांपूर्वी कलकत्त्याहून झाडाझुडपांचे जाणकार एक साहेब दौऱ्यावर आले. आठ दिवस त्यांचे सामान दौलतरावांनी वाहिले. साहेब मोडक्या हिंदीत बोलत आणि दौलतराव झाडीत, म्हणजे तिकडच्या बोलीत. दोघांचे छान जमले. गावापासून कोसभर एका नाल्यात, ओल्या खडकाला धरून, वीतभर उंचीचे एक रसरशीत झुडूप उगवे. साहेबांनी ते पाहिले आणि गुडघ्यावर बसले. म्हणाले, हे खाजोटीच्या कुळातले आहे, पण गरीब. खाज आणत नाही. याला शेकडो भावंडे, सगळी उष्ण मुलखातली, सगळी सावलीला राहणारी. नाव इलाटोस्टेमा. पण शेकडोंपैकी हे नेमके कुठले, ते फूल पाहिल्याशिवाय सांगता यायचे नाही. आत्ता फूल नाही. फुलेल तेव्हा पाठव.

एवढेच. साहेब सगळ्यांनाच तसे सांगत असतील. पण चौथी शिकलेल्या या माणसाला आयुष्यात प्रथमच कुणी सरकारी कामाव्यतिरिक्त काही पाठवायला सांगितले होते. त्यांनी ते मनावर घेतले.

झुडपाला गावात नाव नव्हते. खायचे नाही, औषधाचे नाही, गुरे तोंड लावत नाहीत, मग नाव कोण ठेवणार? दौलतरावांनी ठेवले : दीडपानी. त्याचे पान मधल्या शिरेच्या एका अंगाला मोठे आणि दुसऱ्या अंगाला आखूड असे. जणू अर्ध्या पानाला एक पूर्ण पान जोडले आहे. गावाने लगेच ते नाव त्यांनाच लावले. पोराबाळांपासून सगळे त्यांना दीडपानी नाकेदार म्हणत. त्यांना त्याचे काही वाटत नसे. चामोर्शीला धानाचे वावर सांभाळणारी त्यांची बायको पोळ्यानंतर चार दिवस आली होती. ती मला म्हणाली, "आमच्या ह्यायले सवत शोधाले बाहेर जावं लागत नाई बाई. नाल्यातच बसून हाये."

मला पहिल्यांदा नाल्यावर नेले तेव्हा काठावर थांबून म्हणाले, "चपला काढा जी." मला वाटले, इथे कुणाचा देव असेल. मी भक्तिभावाने हात जोडले. ते म्हणाले, "देव नाई बाई. चपलेचे खिळे लागतेत तिले."

वर कहूची झाडे होती, अकरा. पुस्तकात त्यांना अर्जुन म्हणतात. पांढऱ्या गुळगुळीत खोडांची, दोघांच्या कवेत न मावणारी. त्यांच्या फांद्या नाल्यावर एकमेकींत गुंतलेल्या, आणि खाली बारमाही झिरा. बाहेर श्रावणातले ऊन चटके देत होते आणि आत पाय बधिर होतील इतका गारवा होता. खडकावर दीडपानी गर्दी करून उभी होती. दौलतराव उकिडवे बसले, पाणी उडून पानावर पडलेली रेती त्यांनी ओल्या फडक्याने टिपून घेतली आणि म्हणाले, "झाडं सारे पाह्यतेत. झाडाखाली काय हाये, ते कोनी पाह्यत नाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे पन्नास वेळा ऐकले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मनात म्हणाले, झाला यांच्या कीर्तनाला आरंभ. आज मात्र ते मीच दुसऱ्यांना ऐकवते.

त्यांचे पाठवणे हा एक वेगळाच अध्याय होता. पहिल्या वर्षी रोप कागदात दाबून पाठवले. या झुडपाच्या अंगात पाणी फार. वाटेत सगळी पाने गळाली. साहेबांचे कार्ड आले : काड्या मिळाल्या, पाने कुठे? दौलतरावांनी हार मानली नाही. बायको भाजी उकळत्या पाण्यातून काढते तसे त्यांनी रोप क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवले, मग दाबले. पाने टिकली. कागद कुठून आणायचा? हिवाळ्यात वडशाला झाडीपट्टीची नाटके लागत. तिकडून येणारा प्रत्येक गाडीवान त्यांच्यासाठी नाटकांच्या जाहिराती घेऊन येई. कोसमटोल्याची वनस्पती कलकत्त्याला गेली ती अशी, राजाराणीच्या ठळक अक्षरांत गुंडाळून.

दुसऱ्या वर्षीच्या पाठवणीचे उत्तर मी कोसमटोल्यात आल्यावर आले. कार्ड मी वाचले, मग पुन्हा वाचले. मला हसू आवरेना.

"काय म्हन्ते जी साहेब?"

"म्हणतात, पानं उत्तम आहेत. पण फुलं तुम्ही खरवडून काढली आहेत. पानांच्या बगलेत खुणा दिसताहेत."

या झुडपाचे फूल म्हणजे पाकळ्या-बिकळ्या काही नाही. पानाच्या बगलेत हिरवट, मळकट बटणासारखा एक गोळा. दौलतराव पडले टापटिपीचे. साहेबांकडे रोप जायचे म्हणून ते आधी नीट धूत, आणि बगलेतली ती किड्याची अंडी नखाने अलगद काढून टाकत. ज्या फुलासाठी जीव टाकत होते ते दर वर्षी स्वतःच्या हाताने नाल्यात सोडून देत होते.

मी हसले याची आज लाज वाटते. ते हसले नाहीत. नखांकडे पाहत म्हणाले, "म्या तिचं कुकूच पुसून टाकलं जी."

भाद्रपदात एका सकाळी ते शाळेत आले. मुले बाराखडी म्हणत होती. "बाई, चाला. आत्ताच चाला." मी मुलांना पाढे लिहायला सांगितले आणि गेले. कोवळे ऊन कुठल्याशा फटीतून खडकावर उतरले होते. दौलतरावांनी बोट ओठांवर ठेवले. मी वाट पाहिली. आणि एका गोळ्यातून चिमूटभर धूर उडाला. खरोखर धूर. मग शेजारच्यातून. मग पलीकडच्या. कळीत दुमडून बसलेले केसर ऊन लागताच ताडकन सरळ होत होते आणि पराग उडत होता. कसला आवाज नाही, काही नाही. आम्ही दोघे पाण्यात पाय सोडून तो धूर पाहत बसलो.

"फूलच हाये जी," दौलतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या आठवड्यात मी चित्र काढले. पान, खोड, गोळा, सगळे. दौलतराव समोर बसून राहत आणि "हे अर्ध जराक मोठं करा" असे सांगत. वाळवलेल्या पानांवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, असंख्य, बारीक. ताज्या पानावर त्यांचा मागमूस नसतो. मी विचारले तेव्हा म्हणाले, "जित्तेपनी दिसत नाई. वाळल्यावर दिसते." चित्र, पाने आणि दोन गोळे, असे सगळे घेऊन पाकीट कलकत्त्याला गेले.

आणि दिवाळीनंतर खबर आली की नाल्याकाठचे कूप यंदा तुटणार.

कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा भाग. कुठली झाडे जायची ते आधी ठरते. रेंजरसाहेब बोट दाखवतात, नाकेदार कुऱ्हाडीने सालीचा तुकडा काढतो आणि उघड्या लाकडावर सरकारी हातोडा मारतो. हातोडा बसला की झाड गेलेच म्हणायचे. ठेकेदाराची नजर त्या अकरा कहूंवर होती. आणि कहू गेले की सावली गेली, सावली गेली की झिऱ्याकाठची ओल गेली, मग दीडपानी एक उन्हाळाही काढणार नव्हती.

दौलतरावांची सगळी भिस्त आता कलकत्त्याच्या उत्तरावर होती. झुडूप दुर्मीळ ठरले, कुठे नाही असे निघाले, तर ते पत्र रेंजरसाहेबांपुढे ठेवायचे, ते वरच्या साहेबांकडे जाईल, नाला वाचेल. डाक आठवड्यातून एकदा येई. त्या दिवशी ते वाटेवरच्या मोहाखाली सकाळपासून उभे असत.

पत्र मार्किंगच्या, म्हणजे हातोडा मारायच्या, आदल्या दिवशी आले. त्यांनी ते न फोडता माझ्या हातात दिले आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे. साहेबांनी फार आपुलकीने लिहिले होते. चित्राची स्तुती होती, दौलतरावांच्या चिकाटीची स्तुती होती, पूर्ण नाव होते. आणि पुढे होते : ही जात सर्वसामान्य आहे, सह्याद्रीच्या ओढ्यांत मुबलक सापडते.

त्या खोलीत इंग्रजी येणारी मी एकटी होते. कोसमटोल्यात मी एकटी होते. रेंजरसाहेबांचे इंग्रजीही कामापुरतेच होते, हे मला माहीत होते. माझ्या मनात काय आले ते सांगायला नको.

"सोप्पं सांगा बाई. खास हाये का नाई?"

"नाही हो भाऊ," मी म्हणाले. "साधी आहे. सह्याद्रीत भरपूर आहे."

त्यांनी हात पुढे करून पत्र मागून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे तिची भावंडं हायेत. लय हायेत. मंग बरं हाये." आणि पत्र घडी करून खिशात ठेवले. मला वाटले, पाया पडून माफी मागावी. कशाची, ते सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी मार्किंग पाहायला मी मुद्दाम गेले. दौलतरावांनी रेंजरसाहेबांना खरे तेच सांगितले. "साहेब, साधीच हाये. पन आपल्याइथी एवढीच हाये."

"दौलतराव, गवतासाठी सरकारचं लाकूड सोडू म्हणता?"

"सोडू नका जी. बदली देतो." आणि त्यांनी आपली वही काढली. पत्राची वाट पाहत असताना हा माणूस कूपभर हिंडून अकरा कहूंच्या जोडीची अकरा झाडे हेरून आला होता, तेवढ्याच घेराची, त्याच कूपातली, टेकडीवरची. ठेकेदार कुरकुरला. टेकडीवरून ओढत आणायचे म्हणजे बैलांची दमछाक. शेवटी पाच झाडांवर तडजोड झाली. सहा कहू जाणार, पाच राहणार.

"कुठले सहा? तुम्हीच सांगा," रेंजरसाहेब म्हणाले.

दौलतरावांनी पूर्वेकडचे सहा दाखवले. मला हळूच म्हणाले, "सकायचं ऊन ते सोसते. दुपारचं नाई सोसत." मग त्यांनी चपला काढल्या, पाण्यातून पलीकडे गेले आणि एकेका कहूची साल काढून हातोडा मारला. सहा वेळा. प्रत्येक ठोक्याच्या आधी डावा हात खोडावर ठेवत होते. मी पाचव्यापर्यंत उभी राहिले, सहावा मला पाहवला नाही.

पौषात तोड झाली. ठेकेदाराच्या माणसांना ओंडके नाल्यातून ओढायचे होते, ती जवळची वाट. दौलतराव नाल्याच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. तीन दिवस राहिले. ओंडके लांबून न्यावे लागले, ठेकेदाराने वर तक्रार केली आणि चैत्रात दौलतरावांची बदली झाली, वडशाच्या लाकूड डेपोवर. निघताना मला एवढेच म्हणाले, "बाई, पावसाळ्यात एकडाव जाऊन पाहाजा." बैलगाडीत बसले तेव्हा मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. ते गेल्यावर गावात कुणी पान दुमडून पाहणारे उरले नाही. मी सोडून.

पुढच्या माघात माझीही चांद्याला बदली झाली. वडशाहून छोट्या लाईनची गाडी पकडायची होती. हातात दोन तास होते. ट्रंक हमालाकडे ठेवून मी स्टेशनलगतच्या डेपोत गेले. उघडे माळरान. सावलीला म्हणून एक झाड नाही. चारी बाजूंना ओंडक्यांच्या थप्प्या आणि त्यांत फिरणारे दौलतराव, काळवंडलेले, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

मला पाहून त्यांनी नमस्कारही केला नाही. विचारले, "पाह्यली का?"

"पाहिली. पश्चिमेकडची सगळी आहे. भाद्रपदात धूरही पाहिला."

"चपला काढल्या होत्या ना?"

"काढल्या होत्या."

ते मटकन ओंडक्यावर बसले. पंच्याने तोंड पुसले, पुन्हा पुसले. मी इतके दिवस मनात ठेवलेले बोलून टाकले. "भाऊ, त्या दिवशी मी खोटं वाचायला हवं होतं. अकराही राहिले असते."

"नाई जी," ते म्हणाले. "जलमभर तिले खोट्या नावानं हाक मारावी लागली असती मले." मग उठले. "इथी या. एक गंमत दाखवतो."

दोन थप्प्यांच्या मधल्या बोळकांडीत, जमिनीलगत, एका फुटक्या माठात दीडपानी होती. भोवती ओले गोणपाट. चांगली तरारलेली. दौलतरावांनी थप्पीतल्या ओंडक्याच्या तोंडावर बोट ठेवले. तिथे कूपाचा आणि झाडाचा आकडा कोरलेला होता. मी वाचला.

"आपलेच कहू हायेत बाई. सहाच्या सहा इथीच आले. सागाले गिऱ्हाईक येते, ह्यायले येत नाई. म्याच त्यायची थप्पी अशी लावली." ते ओंडक्यावरून हात फिरवत म्हणाले, "पाहा ना, आजबी तिच्यावर सावली धरून राह्यले."

तेवढ्यात हमाल आले. त्यांच्यामागे एक मुकादम, हातात कागद. कहूला अखेर गिऱ्हाईक मिळाले होते. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, लागली होती, आजच भरायची होती. दौलतरावांनी कागद पाहिला, मान डोलावली. मला म्हणाले, "तुमची गाडी चुकंल बाई. जा तुमी." मी स्टेशनाकडे निघाले.

छोटी लाईन हळू चालते. गाडी डेपोला वळसा घालून जाते, त्यामुळे खिडकीतून ते मला बराच वेळ दिसले. मागे माणसे ओंडका वाघिणीत चढवत होती. दौलतराव माठ छातीशी धरून त्या मैदानात उभे होते, इकडे तिकडे बघत. मग भर दुपारच्या उन्हाकडे पाठ करून ते माठावर वाकले आणि स्वतःच्या अंगाची सावली तिच्यावर धरून हळूहळू चालू लागले.